अमेरिकी रेल्वेतील जुनी संपर्कयंत्रे : प्रतिकृती प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

प्रकल्पाची आखणी आज पक्की झाली. अमेरिकी रेल्वेमार्गांवर गाडीशी आणि गाडीविषयी संपर्क ठेवण्यासाठी वापरलेली जुनी साधने एकामागून एक कशी बाद होत गेली, हे चालत्या प्रतिकृतींतून दाखवायचे आहे. टेबले चार असतील: तारयंत्र, सिलेक्टरचा (हवे तेच स्टेशन निवडून बोलावणारा) टेलिफोन, चालत्या गाडीला कागद देणारी हुकमाची कडी आणि प्रवर्तनावर (स्पर्शाविना एका तारेतला प्रवाह दुसरीत उमटवण्यावर) चालणारा गाडीफोन. सिग्नलांचा विषय मी जाणूनबुजून बाहेर ठेवला आहे, कारण तो एकदा आत घेतला की बाकी सगळ्यांना जागा उरत नाही.

आखणी करतानाच एक अडचण लक्षात आली. एखादे साधन केव्हा सुरू झाले ते वर्ष सहसा सापडते, पण ते केव्हा संपले याचे एकच एक वर्ष बहुधा नसते. एका शाखेवरची तार उतरवली जात असताना शेजारच्या शाखेवर तीच तार निमूटपणे काम करीत असते. म्हणून फलकावर ‘शेवट’ हा रकाना न ठेवता ‘हे काम पुढे कोणाकडे गेले’ असा रकाना ठेवायचे ठरवले. यंत्र आणि त्या यंत्राने उचललेले काम या दोन गोष्टी वेगळ्या धरल्याखेरीज या विषयाचा उलगडा होणार नाही, असे माझे मत होत चालले आहे.

१४ जानेवारी २०२४, रविवार

पहिल्या फलकाचा मजकूर लिहिला. तारेपूर्वी एकेरी मार्गावरच्या गाड्या केवळ वेळापत्रक आणि नियमपुस्तक यांवर चालत. समोरून येणारी गाडी ठरलेल्या ठिकाणी आली नाही, तर कनिष्ठ दर्जाच्या गाडीने वाट पाहत उभे राहायचे, एवढाच उपाय होता. १८५१ साली ईरी रेल्वेचे अधीक्षक चार्ल्स मिनॉट अशाच एका खोळंबलेल्या गाडीत, न्यूयॉर्क राज्यातील टर्नर या स्टेशनात (आजचे हॅरिमन) अडकले होते. त्यांनी पुढच्या स्टेशनाला तार करून समोरची गाडी तिथेच थांबवायला सांगितली आणि आपल्या चालकाला पुढे जाण्याचा लेखी हुकूम दिला. चालक आयझॅक लुईस याने तारेच्या भरवशावर गाडी हाकायला साफ नकार दिला, तेव्हा मिनॉट स्वतः इंजिनावर चढले आणि लुईस शेवटच्या डब्यात जाऊन बसला, अशी हकीकत सांगतात. शेवटचा डबा निवडण्यामागचा त्याचा हिशेब समजण्यासारखा आहे.

या प्रसंगातली कळीची गोष्ट अशी की तार गाडीशी बोलत नव्हती. ती गाडीच्या वाटेवरच्या स्टेशनांशी बोलत होती आणि शेवटचे काही हात अंतर कागदाने आणि माणसाने तोडायचे होते. पुढची शंभर वर्षे जी साधने आली, त्यांतली बरीचशी धडपड या शेवटच्या काही हातांसाठी होती.

२७ जानेवारी २०२४, शनिवार

तारयंत्राचे टेबल उभे केले. अमेरिकी रेल्वेची तार बंद परिपथावर चालत असे, म्हणजे कोणी काही पाठवत नसतानाही तारेतून प्रवाह सतत वाहत राही. त्यासाठी संदेश पाठवण्यासाठी दाबायच्या प्रत्येक खटक्याच्या बाजूला एक लहान पितळी दांडी असे. पाठवायला बसताना ती उघडायची आणि पाठवून झाले की मिटवायची. या रचनेचा फायदा असा की मार्गावरील कोणत्याही स्टेशनातून बोलता येते आणि मुख्य तारेचे विजेचे घट सगळ्या स्टेशनांत ठेवावे लागत नाहीत.

तोटा आज मला स्वतःला भोवला. साउंडर (आलेला संदेश टकटक करून ऐकवणारे यंत्र) मुकाच राहिल्याने मी तासभर जोडण्या तपासल्या, एक गुंडाळी सोडवून पुन्हा गुंडाळली, घटांचा दाब मोजला, आणि अखेरीस दुसऱ्या टोकाच्या खटक्याची दांडी उघडीच राहिल्याचे दिसले. खऱ्या मार्गावर एका तारमास्तराने ही चूक केली की सगळी तार मुकी होत असे आणि दोष नेमका कोणत्या स्टेशनात आहे हे शोधत बसावे लागे.

घट मात्र सुरेख झाले आहेत. काचेच्या बरणीच्या तळाशी तांब्याचा पत्रा आणि मोरचुदाचे खडे, वर कावळ्याच्या पंजासारखे पसरलेले जस्त. वरचे द्रावण रंगहीन आणि खालचे गडद निळे राहते, आणि दोहोंमधली सीमारेषा बाहेरून स्पष्ट दिसते. दोन्ही द्रावणे केवळ घनतेतल्या फरकाने वेगळी राहतात, मधे पडदा नसतो. अशा एका घटाचा दाब जेमतेम एक व्होल्टच्या आसपास असतो, पण तो दिवसरात्र प्रवाह देत राहतो, आणि बंद परिपथाला नेमके तेच हवे असते.

साउंडरचा आवाज अपेक्षेपेक्षा क्षीण निघाला. लांबच्या मार्गावर मुख्य तारेत नाजूक रिले (क्षीण प्रवाहानेही हलणारी कळ) असे आणि तो स्थानिक घटांवरचा साउंडर चालवी. तरीही गजबजलेल्या खोलीत आवाज कमी पडे, म्हणून तारमास्तर साउंडरच्या मागे तंबाखूचा रिकामा पत्र्याचा डबा अडकवून ठेवीत. मी बिस्किटांचा डबा लावून पाहिला. फरक थक्क करणारा आहे. दाबताना होणारी ‘टक्’ आणि सोडताना होणारी ‘टाक्’ आता वेगळ्या ओळखू येतात, आणि या दोन आवाजांमधले अंतर मोजूनच टिंब की रेघ हे ठरवायचे असते.

१० फेब्रुवारी २०२४, शनिवार

लिपीचा फलक. अमेरिकी रेल्वेवर चालणारी मोर्स ही आजच्या आंतरराष्ट्रीय मोर्सपेक्षा वेगळी होती, कारण तिच्या काही अक्षरांच्या पोटातच मोकळी जागा असे. दोन टिंबे लगोलग वाजली तर ‘आय’, त्यांच्यात किंचित विराम पडला तर ‘ओ’, आणि विराम थोडा अधिक झाला तर ‘ई’ हे अक्षर दोनदा. ‘एल’साठी नेहमीपेक्षा लांब रेघ आणि शून्यासाठी त्याहूनही लांब. मी दोन आठवडे सराव करूनही ‘ओ’ आणि ‘आय’ यांत अडखळतो.

हे कसब अंगी येण्यास वेळ लागे आणि ते ज्यांच्याकडे होते त्यांना त्याची किंमत ठाऊक होती. तारमास्तरांची संघटना १८८६ साली आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथे स्थापन झाली. पुढे १९०७ च्या सेवातास कायद्याने, जी कार्यालये अहोरात्र चालू असत तेथील तारमास्तरांचे काम चोवीस तासांत नऊ तासांवर मर्यादित केले. त्यापूर्वी दोन पाळ्यांत भागणाऱ्या ठिकाणी आता तीन माणसे हवीत, आणि मोर्स जाणणारी इतकी माणसे एकदम आणायची कोठून, असा पेच रेल्वे कंपन्यांपुढे पडला. त्याच वर्षी न्यूयॉर्क सेंट्रलने गाड्यांच्या नियंत्रणासाठी टेलिफोन वापरायला सुरुवात केली आणि नंतर इतर कंपन्या त्या वाटेने गेल्या.

टेलिफोन अधिक वेगवान होता म्हणून तार मागे पडली, असे सरसकट लिहिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. टेलिफोन चालवायला दुर्मीळ कसब लागत नव्हते, आणि नेमक्या त्या घडीला दुर्मीळ कसब महाग झाले होते.

२५ फेब्रुवारी २०२४, रविवार

सर्वांत जास्त आनंद देणारे टेबल आज पूर्ण झाले. टेलिफोनच्या एकाच जोडतारेवर अनेक स्टेशने असत; तारेवर प्रत्येक तारमास्तर आपल्या नावाची हाक सवयीने ऐकत असे, पण टेलिफोनवर कोणा एकालाच कसे बोलवायचे? सगळीकडे घंटा वाजवली तर सगळेच फोन उचलणार. त्यावर सिलेक्टर हा उपाय होता. गाड्यांना हुकूम देणाऱ्या नियंत्रकाच्या टेबलावर प्रत्येक स्टेशनाची स्वतंत्र चावी असे. ती पिळून सोडली की आतले घड्याळी चक्र विजेची ठरावीक स्पंदे तारेवर सोडी, आणि प्रत्येक स्टेशनातले दातेरी चाक त्या स्पंदांबरोबर एकेक घर पुढे सरके.

वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या सिलेक्टरमध्ये एकूण सतरा स्पंदे तीन गटांत विभागलेली असत. गटांच्या मधल्या विरामात चाकावरील खुंटी योग्य घरात असेल तरच चाक अडून राही, नसेल तर स्प्रिंगने मूळ जागी परत जाई. म्हणजे सतराच्या सतरा स्पंदे मोजून शेवटी पोचणारे चाक एकाच स्टेशनातले आणि घंटाही तेवढीच वाजणार. प्रत्येक गटात किमान दोन स्पंदे हवीत असे धरले, तर सतराची अशी विभागणी ७८ प्रकारे होते. मी वहीत गणित करून पाहिले, बरोबर ७८ येतात. माझ्या प्रतिकृतीत तीनच स्टेशने आहेत आणि त्यांतले मधले हट्टी आहे: स्प्रिंग सैल असल्याने ते चुकीच्या हाकेलाही कधीकधी उत्तर देते. स्प्रिंग बदलली.

या यंत्राचे काम पुढे कोणाकडे गेले, हा रकाना भरताना गंमत वाटली. रेडिओवर बटणांच्या स्वरांनी नियंत्रकाला बोलावणे, हे त्याच कल्पनेचे उलटे रूप आहे. आता गाडी हाक मारते.

९ मार्च २०२४, शनिवार

हुकमाची कडी. हुकूम नियंत्रकाकडून तारेने वा टेलिफोनने येई, स्टेशनातला माणूस तो झिरझिरीत कागदावर कार्बन लावून उतरवून घेई, आणि पुन्हा शब्दशः वाचून दाखवी. कागद इतका पातळ असे की इंजिनाच्या भट्टीच्या उजेडासमोर धरला तरी अक्षरे वाचता येत. हुकमाचे दोन नमुने प्रचलित होते: ‘३१’ या नमुन्यावर गाडीच्या कर्मचाऱ्यांची सही लागे, म्हणजे गाडी थांबवावीच लागे; ‘१९’ हा नमुना सहीविना चालत्या गाडीला देता येई. हे आकडे तारेवरच्या संकेतांतून आलेले आहेत, आणि तार गेल्यानंतरही ते कागदावर तसेच राहिले.

‘१९’ द्यायला वेताची लांब दांड्याची कडी असे. ती उंच धरून फलाटाच्या कडेला उभे राहायचे, इंजिनावरचा माणूस हात घालून ती घेई, कागद काढून कडी खाली फेकी, आणि स्टेशनातल्या माणसाला ती रुळांच्या कडेने चालत जाऊन शोधून आणावी लागे. पुढे इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची काठी आली. तिच्या दोन टोकांत ताणलेल्या दोरीत हुकूम बांधलेला असे, दोरी गाडीबरोबर जाई आणि काठी हातात उरे. हा छोटासा बदल कोणी केला ते माहीत असते तर त्याचे नाव मी फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिले असते, कारण या सबंध इतिहासात कर्मचाऱ्यांची पायपीट थेट कमी करणारी सुधारणा विरळाच.

टेलिफोनमुळे एक नवा धोका आला, तो येथेच नोंदवतो. कानावर पडलेला आकडा चुकीचा ऐकला जाऊ शकतो. म्हणून फोनवरच्या हुकमातली स्टेशनांची नावे आणि आकडे आधी उच्चारायचे आणि मग अक्षर-अक्षर सुटे करून सांगायचे, असा नियम झाला. मोर्स गेली, तरी अक्षरे सुटी करण्याची सवय नियमाच्या रूपाने परत आली.

२३ मार्च २०२४, शनिवार

चालत्या गाडीशी थेट बोलण्याचे पहिले प्रयत्न. ते १८८० च्या दशकातले आहेत, हे सांगितले की पाहुण्यांचा विश्वास बसत नाही. लुशियस फेल्प्स यांनी गाडीखाली तारेची मोठी गुंडाळी बसवून मार्गावरील विद्युतवाहक तारेशी प्रवर्तनाने संपर्क साधला. ग्रॅनव्हिल वुड्स या आफ्रिकी-अमेरिकी संशोधकाला १८८७ साली अशाच पद्धतीचे पेटंट मिळाले, आणि पेटंट कार्यालयातील वादात त्यांचा दावा फेल्प्स यांच्यापेक्षा सरस ठरला. एडिसन यांची पद्धत निराळी होती: डब्याचे धातूचे छप्पर आणि रुळालगतच्या तारा यांच्यामधल्या हवेतून स्थितिक प्रवर्तनाने संदेश उडी घेई. लीहाय व्हॅली रेल्वेवर १८८७ मध्ये ती चालवून दाखवण्यात आली.

यंत्रे चालत होती. तरीही ती रुजली नाहीत, आणि माझ्या मते कारण तांत्रिक नाही. नियम असे रचलेले होते की हुकूम स्टेशनातच मिळायचा. दर काही मैलांवर पगारी तारमास्तर बसलेलाच होता. मग दोन स्टेशनांच्या मधे गाडीला सांगण्यासारखे काय होते? उरले प्रवाशांचे खासगी संदेश, आणि तेवढ्यावर गुंडाळ्यांचा खर्च निघत नव्हता. १९१३ साली लॅकावाना रेल्वेने धावत्या गाडीत बिनतारी तारयंत्र बसवून स्क्रँटन व बिंगहॅम्टन येथील केंद्रांशी संपर्क साधला, तेव्हाही रोजचा नियम बदलला नाही.

६ एप्रिल २०२४, शनिवार

गाडीफोनचे टेबल. पेनसिल्व्हेनिया रेल्वेने युनियन स्विच अँड सिग्नल या कंपनीची ‘ट्रेनफोन’ ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात न्यू जर्सीतील बेलव्हिडेअर–डेलावेअर शाखेवर बसवली आणि पुढे हॅरिसबर्ग–पिट्सबर्ग या मुख्य मार्गापर्यंत नेली. आवाज वाहक लहरीवर (स्वतः ऐकू न येणाऱ्या, पण आवाज वाहून नेणाऱ्या विद्युतलहरीवर) चढवून तो रुळांत आणि रुळालगतच्या खांबांवरील तारांत प्रवर्तनाने उतरवायचा, म्हणजे डोंगर आडवा आला तरी आवाज तारेबरोबर वळण घेतो. या गाड्यांच्या जुन्या छायाचित्रांत इंजिनाच्या छपरावर कठड्यासारखी लांब नळी दिसते, ती हाताने धरायची नसून तो आकाशक (अँटेना) असतो.

माझ्या प्रतिकृतीत मी आळस केला आणि वाहक लहर न वापरता आवाज थेट गुंडाळीत सोडला. परिणाम तत्काळ ऐकू आला: भिंतीतल्या वीजतारांचा गुंजारव आवाजाच्या वर बसला. श्राव्य पट्ट्याच्या वरची लहर का निवडली असेल, याचा याहून चांगला धडा फलकावर लिहून देता आला नसता, म्हणून हा दोष तसाच ठेवून शेजारी एक बटण दिले आहे. ते दाबले की वाहक लहरीची दुसरी जोडणी सुरू होते.

ट्रेनफोन बाद का झाला, ते थोडक्यात. १९४५ साली संघराज्य दूरसंचार आयोगाने रेल्वेसाठी अतिउच्च कंप्रतेच्या वाहिन्या राखून ठेवल्या. या रेडिओला खांबांवरच्या तारा लागत नाहीत, एका कंपनीचे इंजिन दुसरीच्या मार्गावर गेले तरी संच कामी येतो, आणि काही काळाने तो संच माणसाच्या खांद्याला अडकवता येण्याइतका लहान झाला. प्रवर्तनाची पद्धत तारांच्या रांगेशी बांधलेली होती, आणि तारांची रांग ठेवणे हाच हळूहळू डोईजड खर्च ठरला. १९६० च्या दशकात छपरांवरच्या त्या नळ्या उतरल्या. गाडीत असे संच बसवताना एक अडचण मात्र साध्या विजेची होती: मालगाडीच्या शेवटच्या डब्यात कर्मचारी बसत, पण तिथे वीजच नसे, आणि दिवा कंदिलाचा असे. निर्वात नळ्यांचा संच चालवायचा तर आधी त्या डब्याला वीज पुरवणे आले.

२१ एप्रिल २०२४, रविवार

माणसांचा फलक. हा सर्वांत कठीण गेला, तीनदा फाडला.

रेडिओ आणि केंद्रीय नियंत्रण आल्यावर लहान स्टेशनांतल्या माणसापाशी पूर्ण पगाराचे पण फार थोडे काम उरले. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने अशी स्टेशने एकत्र करायला सुरुवात केली, तेव्हा तारमास्तरांच्या संघटनेने मागणी केली की आमच्या संमतीवाचून कोणतीही जागा रद्द करू नये. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६० मध्ये न्यायालयाने संपावर मनाई हुकूम देता येणार नाही, असा निर्णय दिला. १९६२ मध्ये या कंपनीत सुमारे महिनाभर संप झाला. १९६५ साली संघटनेने आपल्या नावातून ‘तारमास्तर’ हा शब्दच काढून टाकला.

पहिल्या मसुद्यात मी कंपनीची बाजू हास्यास्पद करून टाकली होती, दुसऱ्यात संघटनेची. रिकाम्या स्टेशनात माणूस बसवून ठेवणे परवडणारे नव्हते हे खरे. आणि ज्याने तीस वर्षे त्या खोलीत प्रत्येक गाडी डोळ्यांनी पाहिली, तापलेली धुरा वा लोंबकळणारा साखळदंड पाहून ओरडून सांगितले, त्याचे तेवढे काम कोणत्याही हिशेबाच्या वहीत लिहिलेले नव्हते, हेही खरे. त्या पाहण्याचे काम पुढे रुळालगतच्या तापमापक यंत्रांकडे गेले. फलकावर दोन्ही वाक्ये ठेवली.

४ मे २०२४, शनिवार

शेवटचा फलक. १९८० च्या दशकात कागदी हुकमांची जागा बहुतेक ठिकाणी ‘ट्रॅक वॉरंट’ने घेतली, नियंत्रक रेडिओवरून थेट गाडीला परवानगी देतो आणि मधला तारमास्तर उरत नाही. त्याच दशकात मालगाडीचा कर्मचाऱ्यांचा शेवटचा डबाही जाऊ लागला आणि त्याच्या जागी ब्रेकनळीतला दाब रेडिओने इंजिनाला कळवणारी पेटी आली. १९९६ साली कॅलिफोर्नियातील कहोन घाटात ब्रेक निकामी होऊन मालगाडी कोसळली, त्यानंतर ही पेटी दुतर्फी असावी, म्हणजे पुढून हुकूम सोडून मागूनही ब्रेक लावता यावा, असे बंधन १९९७ मध्ये आले.

पण नियमांचा मजकूर वाचताना मी थबकलो. रेडिओवरची परवानगी आजही लिहून घ्यावी लागते, शब्दशः परत वाचून दाखवावी लागते, आणि नियंत्रकाने ती तपासून वेळ दिल्याखेरीज ती लागू होत नाही. शिवाय चालत्या गाडीचे नियंत्रण ज्याच्या हातात आहे, त्याने ती स्वतः उतरवून घेण्यास मनाई आहे. म्हणजे कडी गेली, झिरझिरीत कागद गेला, मोर्स गेली, परंतु आपल्या खोलीत बसून तारमास्तर जे करीत असे ते गाडीत बसलेला माणूस अजून करतो आहे. ‘हे काम पुढे कोणाकडे गेले’ या रकान्यात मी ‘गाडीतील कर्मचाऱ्याकडे’ एवढेच लिहिले.

१८ मे २०२४, शनिवार

चारही टेबले सलग सहा तास चालवून पाहिली. सिलेक्टरचे मधले स्टेशन आज एकदाही चुकले नाही. गाडीफोनच्या बटणाची जोडणी सैल होती, डाग देऊन पक्की केली. कडीसाठी गाडी नाही, म्हणून फिरणाऱ्या चाकावर हात बसवला आहे. दहातल्या सात वेळा तो कडी उचलतो. उरलेल्या तीन वेळा कडी जमिनीवर पडते आणि ती उचलायला आम्हालाच वाकावे लागते. हे पाहुण्यांना आवडेल असा माझा अंदाज आहे.

निघताना सगळे बंद करायची सवय आहे, पण तारेच्या टेबलाला ती लावता येत नाही. मोरचुदाचे घट रात्रभर प्रवाहाविना राहिले, तर निळे द्रावण वर चढून जस्तापर्यंत पोचते आणि घट बिघडतो. म्हणून दोन्ही खटक्यांच्या पितळी दांड्या मिटवून, साउंडरचा हात खाली चिकटलेला आहे याची खात्री करून, दिवा मालवला.